मामांची अट आणि डब्यातलं नवं गॅस्केट

दहा तारीख, दुपार

तीर्थस्वरूप मामांना, तेलकट हातांचा साष्टांग नमस्कार (कागदावरचे डाग त्याचेच आहेत, गैरसमज नसावा).

तुमचा गुडघा काय म्हणतो? इथे आई बरी आहे. रोज सकाळी चहाबरोबर ती मला "झाली का गाडी?" एवढंच विचारते. तुमची अट घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे: आधी तुमच्या जुन्या मोटरसायकलवरून एक चक्कर, मगच गुडघ्याचं ऑपरेशन. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, आता अठराला नाही केलं तर काठीचीही सवय सोडून खुर्चीची करा, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. मोटरसायकल दुरुस्तीला माझ्याकडे, म्हणजे तुमचा गुडघाही माझ्याच गळ्यात.

तेल गळतंय हे सगळ्यांनाच दिसत होतं, कुठून गळतंय यावर मात्र माणशी एक मत होतं. शेजारचे दातांचे निवृत्त डॉक्टर खाली वाकले, पान्याने दोनदा टकटक केलं आणि "मुळापासून काढून टाका" म्हणाले (चाळीस वर्षं त्यांनी दुसरा सल्ला दिलेला नाही). वरच्या मजल्यावरच्या प्लंबरने वायसर सांगितला. मी सरकारी तपासनीस, तेव्हा अंदाजावर विश्वास नाही. इंजिन रॉकेलने स्वच्छ धुतलं, पुसलं, त्यावर आईची अंगाला लावायची पावडर भुरभुरवली आणि दहा मिनिटं चालू ठेवलं. हेड आणि सिलिंडर जिथे जुळतात तिथेच पावडर ओली होऊन तपकिरी झाली. मग त्या सांध्यावर साबणाचं पाणी लावलं तर फुसफुस करत बुडबुडे आले. हेड गॅस्केट, म्हणजे त्या सांध्यातली चकती, गेलं, असा दोन पानी अहवाल लिहून मी त्यावर सहीसुद्धा केली. आईने तो वाचून पावडरीचा डबा परत मागितला.

गाडी इथे सोडताना तुम्ही तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला होतात, आठवतंय ना? "नवं गॅस्केट आहे. जिवापलीकडे जपलंय. हेड उघडलंस तर हेच घाल." दुसरं घालायचा प्रश्नच नव्हता, हा माल बाजारातून कधीच हद्दपार झालाय. मी हेड उघडलं. प्रत्येक नटाला चिठ्ठी बांधली, दोन्ही पृष्ठभाग ओरखडा न उठवता साफ केले, डब्यातलं गॅस्केट बसवलं आणि नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत तीन फेऱ्यांत आवळले. इतक्या काळजीने मी माझ्या लग्नाची तयारीही केली नव्हती (हे घरी कळवू नये).

किक मारली, गाडी सुरू झाली. दातांचे डॉक्टर अभिनंदन करायला पुढे आले ते नेमके पांढऱ्या पँटमध्ये. पूर्वी थेंब थेंब गळायचं, आता पिचकारी उडाली. मी कपाळाला हात लावला, तो हात तेलाचा होता, त्यामुळे पुढचे दोन दिवस ऑफिसात लोक चौकशी करत होते.

शेवटी हेड पुन्हा उघडलं, ते गॅस्केट काढलं आणि नाक मुठीत धरून कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने डब्यातलं गॅस्केट उजेडात धरलं. काठावर जळाल्याचा जुना काळा डाग, आणि भोवती दाबलं गेल्याच्या दोन खुणा, एक माझी ताजी आणि एक आधीची. "हे नवं नाही साहेब. हे कुठल्यातरी इंजिनात एक जन्म काढून आलंय," तो म्हणाला. आता बोला. दुकानदाराने तुमच्यासारख्या साध्या माणसाला फसवलं, याचा मला फार संताप आला. पण करणार काय? गाडी उघडी पडलीय, गॅस्केट मिळत नाही, तेव्हा अठराचं ऑपरेशनही पुढे ढकलावं लागेल असं दिसतं. मी हात टेकले. तोंड दाखवायला जागा उरली नाही. मामीची समजूत तुम्हीच काढावी.

तुमचा नालायक भाचा

ता. क. १ : डॉक्टरांची पँट दोनदा धुऊन झाली. डाग जात नाही. ते म्हणतात, मुळापासून काढून टाका.

ता. क. २ (चौदा तारीख) : पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं म्हणून पत्र इथेच पडून होतं, ते एका परीने बरंच झालं. परवा मामीचा फोन आला. कपाटात तुमच्या मफलरच्या घडीत तिला कागदात गुंडाळलेली एक गोल चकती सापडली, "हे काय यंत्र आहे?" म्हणून विचारत होती. मी पाठवायला सांगितलं. कोरं करकरीत गॅस्केट आहे मामा, दाबल्याची खूणसुद्धा नाही. दुकानदाराबद्दल लिहिलेले सगळे शब्द मागे घेतो. साध्या माणसाबद्दलचे तर आधी मागे घेतो.

ता. क. ३ : ते काल बसवलं. इंजिन तापवून, गार करून नट पुन्हा एकदा आवळले. पावडर लावून पाहिली, कोरडी ठणठणीत. मामीला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मला तुमचा रागही नाही. मलाही ऑपरेशनची भीती वाटते, मी फक्त सोबत असणार आहे तरीसुद्धा. आठवडाभर रजा टाकलीय, खाटेशेजारी मीच बसेन.

आता खरी विनंती. सतराच्या रात्री इकडेच मुक्कामाला या. अठराला सकाळी किक मी मारीन, गाडी तुम्ही चालवा, मी मागे बसतो. हॉस्पिटल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तुमची चक्कर तिथपर्यंतच मारू.