‘हो’ एवढंच म्हणायचं होतं

सनीव्हेल,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप शुभामावशीस,
आश्लेषाचा कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी भांडण मांडल्यापासून मला पत्रं लिहायची सवय लागली. बरंच झालं म्हणायचं. आजचं मला फोनवर सांगता आलंच नसतं.

आधी आनंदाची बातमी. आपल्या रुहीचं लग्न ठरलं! मुलाचं नाव स्पेन्सर, युटाला तिच्याच कॉलेजात आहे. शांत आहे, आणि जेवण झाल्यावर न सांगता भांडी घासायला उठतो. १४ जूनला ओकलंडच्या टेम्पलमध्ये लग्न. तिचा बाबा डॅरल रोज नवा सूट पाहून येतो आणि जुनाच बरा म्हणतो.

आता दुसरं. आमच्या रविवारच्या चर्चमध्ये कोणीही येऊन बसू शकतं, पण टेम्पलच्या आत जायला एक कार्ड लागतं. दोन वर्षांनी ते नवं करायचं. आधी आमच्या वॉर्डाचा, म्हणजे आमच्या भागातल्या मंडळीचा, बिशप आणि मग त्याच्या वरचे एकजण, दोघंही समोर बसवून तेच प्रश्न विचारतात. माझं कार्ड एप्रिलअखेर संपतंय. कार्ड नसेल तर नवरीची आईसुद्धा बाहेर थांबते.

बाकी प्रश्नांची मला भीती नाही. आमच्यात वर्ज्य म्हणून बावीस-तेवीस वर्षं चहासुद्धा प्यायले नाही, तुला तर त्याचाच जास्त राग. पण एक प्रश्न असतो, की देवाने हे चर्च पुन्हा उभं केलं याची तुला साक्ष, म्हणजे मनातून खात्री, आहे का? उत्तर ‘हो’ एवढंच द्यायचं असतं.

मावशी, देवदूताने एका तरुणाला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले आणि त्यावरून आमचा ग्रंथ आला, हे जसंच्या तसं घडलं असं मला वाटत नाही. कितीतरी वर्षांपासून वाटत नाही. तरी मी दर रविवारी जाते, बायकांच्या वर्गाला शिकवते, आजाऱ्यांकडे जेवण पोचवते. प्रार्थना करते तेव्हा ढोंग करत नसते. त्या गोष्टीत मला खरं काहीतरी सापडतं, फक्त ती इतिहास म्हणून खरी वाटत नाही. डॅरलला हे ठाऊक आहे. रुहीला नाही.

गेल्या दोन वेळा ‘हो’ म्हणून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये गाडीत नुसती बसून राहिले. या वेळी जीभ वळेल असं वाटत नाही. ऑफिसात मीटिंग चालू असते आणि मी टेबलाखाली पाय हलवत असते. काय करू ते लिही.

तुझी माया आहे म्हणून इतकं लिहायचं धाडस झालं. ती तशीच राहू दे.
तुझी,
आश्लेषा


मॉरिसव्हिल,
२० फेब्रुवारी २०२५

चि. आश्लेषा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रुहीचं ठरलं, फार आनंद झाला. भांडी घासणारा जावई मिळाला, आणखी काय हवं! दीपाने तुझं पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. सून असून तिने मध्ये एकही शेरा मारला नाही, म्हणजे तिलाही काळजी वाटली असणार.

तू त्या पंथात गेलीस तेव्हा मी चौदा महिने तुझ्याशी बोलले नव्हते. ताई गेल्यावर तुला मी वाढवली आणि तू मला न विचारता देव बदललास, हे मला सोसलं नाही. पुढे कळलं, की युटाच्या बर्फात तू न्यूमोनियाने पडली होतीस आणि त्या बायकांनी तीन आठवडे पाळीपाळीने तुझ्यापाशी बसून काढले. मग माझा विरोध संपला. आणि आता त्याच पंथात नीट राहा म्हणून तुला समजवायची पाळी माझ्यावर!

अगं, ‘हो’ म्हणून मोकळी हो. पूजेला बसलेल्या प्रत्येकाला विचारत सुटलं, की साधुवाण्याची नाव खरंच बुडाली का, तर आपल्या मंडळात आरतीला चारच माणसं उरतील. पोरीच्या लग्नापेक्षा एक अक्षर मोठं आहे का?

माझ्या कानाचं ऑपरेशन मे महिन्यात ठरतंय. त्यानंतर तीन महिने विमान नाही म्हणाले. म्हणजे लग्नाला येणं माझ्या नशिबात नाही. म्हणून तरी तू आत असायला हवीस.

डॅरलरावांना आशीर्वाद. तुझ्या खुशालीची वाट बघते.
शुभामावशी


सनीव्हेल,
२३ मार्च २०२५

तीर्थरूप मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. पण मागच्या शनिवारी रुही घरी आली, लग्नाच्या ड्रेसच्या बाह्या सैल करायच्या होत्या म्हणून मी टाचण्या लावत होते, आणि ती बोलत सुटली होती. म्हणाली, आई, त्या खोलीत आपण तिघंही असू, तिघांनाही तेच माहीत असेल, याहून मला काही नको. माझे हात थांबले. मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती आधी हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग टाचण्यांसकट ड्रेस उतरवून ठेवला. तिने एकच विचारलं. फ्लोरिडात धर्मप्रचाराच्या मिशनवर असताना लोक तिच्या तोंडावर दार लावायचे, तेव्हा ती दर आठवड्याला आम्हाला लिहायची, की तरी मला ठाऊक आहे, हे सगळं खरं आहे. ते वाचताना तुला काय वाटायचं, असं तिने विचारलं. मनात हसायचीस का?

मी म्हटलं, हसले नाही, कधीच नाही. मला तुझा हेवा वाटायचा. हे खरं आहे गं मावशी. पण तिचा विश्वास बसला नाही. लहानपणी मला शिकवलंस ते काय होतं मग, असं इंग्रजीत म्हणाली आणि रविवारी चर्च न करता सकाळच्याच विमानाने परत गेली. तिने रविवार चुकवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आठवडा झाला, मेसेजला उत्तर नाही. डॅरल म्हणतो, थोडा वेळ दे. मी गराज आवरलं, परत विस्कटलं, परत आवरलं. आज वर्गात माझा धडा नेमका प्रामाणिकपणावर होता. कसा शिकवला विचारू नकोस.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी,
आश्लेषा


मॉरिसव्हिल,
२ एप्रिल २०२५

चि. आश्लेषा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावले नाही. मागचा सल्ला मी घाईत दिला होता, तो विसर. रुहीचा प्रश्न मला झोंबला, कारण तोच प्रश्न मी तुझ्या काकांना कधी विचारू शकले नाही.

मनोहर देव मानत नव्हते हे तुला माहीत आहे. तरी दर वर्षी सत्यनारायणाला सोवळं नेसून माझ्या शेजारी बसत. मला ठाऊक होतं आणि ते मला कधी टोचलं नाही. एका वर्षी पंधरा-वीस पाहुण्यांसमोर ते म्हणाले, मी आपला शिऱ्यासाठी बसतो. सगळे हसले. मीही हसले. पण आश्लेषा, त्या दिवशी मला वाटलं, की इतकी वर्षं मी एकटीच बसले होते.

पुढच्या वर्षी मी पूजा घातली नाही. कारणही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ते स्वतःच विचारत आले, की या गावात केळीचे खांब कुठे मिळतील. नॉर्थ कॅरोलायनात केळीचे खांब! शेवटी कुठल्याशा नर्सरीतून दोन आणलेच. मानत शेवटपर्यंत नव्हते. पण पुन्हा कधी हसले नाहीत, आणि मी पुन्हा कधी एकटी नव्हते.

म्हणून तू मानत नाहीस याचं दुःख रुहीला फार दिवस होणार नाही. तू मनात तिला हसत होतीस का, एवढंच तिला कळायला हवं आहे. समजावत तिच्या मागे लागू नकोस. आणि कार्डासाठी प्रश्न विचारणाऱ्या त्या दोघांसमोर काय बोलायचं ते आता तुझं तू ठरव. मी ‘हो म्हण’ असं पुन्हा म्हणणार नाही.

तुझ्यावर आहे तो जीव तसाच आहे.
शुभामावशी


सनीव्हेल,
११ मे २०२५

तीर्थरूप मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झाल्याचं दीपाने कळवलं. चक्कर येते तोवर एकटी जिना उतरू नकोस.

माझ्या दोन्ही मुलाखती झाल्या. बिशप फिफिता टोंगा बेटावरचे, आठवडाभर लोकांची छपरं शाकारतात आणि रविवारी आमची गाऱ्हाणी ऐकतात. त्यांना मी सरळ सांगितलं, की घडलं का ते मला ठाऊक नाही. पण या लोकांत राहून मी जशी झाले तशी दुसरीकडे झाले नसते. मला आशा आहे, आणि मला इथेच राहायचं आहे. त्यांनी नवं कार्ड पुढ्यात ओढलं. मग म्हणाले, आशा मला पुरेशी आहे. त्यांनी सही केली.

दुसरे गृहस्थ निवृत्त शिक्षक, फार मऊ बोलणारे. त्यांनीही सगळं ऐकलं आणि विचारलं, की सिस्टर, या प्रश्नाला तुम्हाला नुसतं ‘हो’ म्हणता येईल का? मावशी, म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण रुही लग्नाच्या त्या खोलीत माझ्याकडे पाहील आणि त्या ‘हो’चा तिचा अर्थ वेगळा, माझा वेगळा, हे दोघींनाही ठाऊक असेल. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, मग आज मला सही करता येणार नाही, ऑक्टोबरमध्ये परत या. रविवारी येत राहणार ना, असंही काळजीने विचारलं. मी म्हटलं, हो, माझा वर्ग आहे. तो ‘हो’ किती सहज निघाला!

रुहीला फोन केला. म्हणाली, म्हणजे तू ‘हो’ म्हणू शकत होतीस. मग म्हणाली, ओके, आई. फोन ठेवला.

मी बरोबर केलं की माझ्या खरेपणाच्या हौसेपायी तिच्या लग्नात खोट आणली? घरात एका जागी बसवत नाही. चालत चालत चर्चपर्यंत जाते आणि बंद दारापासून परत येते.

मला काही लिहू नकोस. जमलं तर तिला लिही. तुझ्या आशीर्वादाची गरज तिला जास्त आहे.
तुझी,
आश्लेषा


सनीव्हेल,
१६ जून २०२५

तीर्थरूप मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

लग्न झालं. दोनदा झालं!

तू रुहीला काय लिहिलंस ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारत नाही. मेच्या शेवटी तिचा फोन आला. म्हणाली, तुझं मला अजून पटलेलं नाही आणि माझा राग गेलेला नाही, पण तू नसलेल्या खोलीत मला पहिल्यांदा लग्न करायचं नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी आमच्याच चर्चमध्ये बिशप फिफितांनी त्यांचं लग्न लावलं. स्पेन्सरच्या घरच्यांना आधी जरा लागलं, पण त्याच्या आईने स्वतः येऊन मला पुढच्या रांगेत बसवलं. रुहीने तू पाठवलेली मोत्यांची नथ त्या पांढऱ्या ड्रेसवर घातली होती. दर दोन मिनिटांनी शिंकत होती.

शनिवारी सगळे ओकलंडला गेलो. डॅरल आत गेला, मी बाहेरच्या बागेत थांबले. आतला विधी तासभर चालला. मी चार वेळा उठले, चार वेळा बसले. आत असते तर काय मनात आलं असतं, आणि बाहेर आहे तर काय येतंय, दोन्ही नीट कळेना. एकदा वाटलं, ओरडून ‘हो’ म्हणावं.

मग दोघं हातात हात घालून बाहेर आली. फोटो, गर्दी, मिठ्या. रुही सगळ्यांना सोडून माझ्याकडे आली आणि एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणारी पोर मराठीत म्हणाली, “आई, बाबांच्या शेजारी मी एक खुर्ची रिकामी ठेवायला सांगितली होती. कोणालाच बसू दिलं नाही.”

ते मला बोचावं म्हणून सांगितलं की तिच्या लेखी मी तिथे होतेच म्हणून सांगितलं, ते मी ओळखू शकले नाही. बहुधा तिलाही माहीत नसावं. मी तिचा हात धरला, तिने सोडवला नाही.

काल रविवार होता. मी वर्ग घेतला.

कान बरे झाले की ये. तोवर आम्हा दोघींवर सारखाच जीव ठेव.
तुझी,
आश्लेषा