खिळ्यांची पेटी

१४ मार्च

प्रिय ताई,

आम्ही इकडे मजेत. घराला एकदाचा रंग झाला, बाबांचा गुडघा बराच सुधारला, आणि संग्रहालयात मध्ययुगाचं दालन नव्याने मांडायचं काम माझ्याकडे आलंय. लोक काय काय धरून बसलेत! तेव्हा कुणी अंघोळच करत नसे म्हणे. मी सार्वजनिक न्हाणीघरांची चित्रं लावली. सगळे तिशीत मरत, हे तर आपल्या बाबांचंही लाडकं वाक्य. मी जेवताना सांगितलं, की लहान मुलं फार दगावत म्हणून सरासरी खाली येते, जगली-वाचली ती साठीही बघत. तर म्हणाले, मग मला अजून वाढ.

पेटीचं बाबांना सांगितलंस का, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी विषय बदलला. आता लिहिते.

बाबांनी याच संग्रहालयात गाइडची सगळी नोकरी त्या पेटीसमोर काढली. माणसाला आत कोंडून खिळ्यांचं दार लावत, असं ते आवाज खाली आणून सांगत आणि शाळेची पोरं गपगार होत. तपासणीत निघालं ते तुला ठाऊकच आहे, ती मध्ययुगातली नाहीच. कित्येक शतकांनंतर कुणीतरी तिकीट लावून दाखवायला जोडलेली. तशी नवी पाटी मलाच लिहायची होती. सांगू नकोस, खचतील, असं तू बजावलं होतंस. पण परक्याकडून कळण्यापेक्षा मीच रविवारी त्यांना दालनात नेलं आणि मजकूर हातात दिला.

वाचून ते बाकावर बसले. मी घाईघाईने म्हणायला लागले, की पुस्तकांतही तसंच होतं, तुमचा काय दोष. त्यांनी हातानेच थांबवलं.

"म्हणजे यात कुणीच मेलं नाही?"

"कुणीच नाही, बाबा."

त्यांचे डोळे भरून आले, ताई. पोरं घाबरत ते दिसायचं, पण ती गोष्ट सांगितली की त्या दिवशी घास त्यांच्याही घशाखाली उतरत नसे, म्हणाले. आपल्याला त्या दालनात कधीच नेलं नाही ते त्यामुळे. मग उठले, दार उघडून खिळ्यावर बोट ठेवलं, आणि मला म्हणाले, "मोठ्या अक्षरांत लिही."

दुपारी घरी येऊन पोटभर जेवले आणि गाढ झोपले. तू आलीस की दालन स्वतः दाखवणार म्हणतात. लवकर ये.

मनावरचं ओझं उतरलेली,
तुझी धाकटी