म्हातारीच्या मागे चाळीस

विनिफ्रेड आत्या,

हे पत्र पाठवलं तर तू लाल शाईनं तपासून परत धाडशील, म्हणून पाठवत नाही.

शाळेत तू आमची बाई होतीस तेव्हा विचारलंस, "हेस्टर, एक मेंढी म्हणजे 'शीप', तर शंभर मेंढ्या म्हणजे काय?" मी "शीप्स" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. "अगं, एक असो की शंभर, शीपच!" मला ते कधी पटलं नाही.

मेंढ्यांच्या रोगाच्या साथीत आपला कळप गेला, एक म्हातारी मेंढी तेवढी वाचली. मी नव्या चाळीस आणल्या, तर तू म्हणालीस, "डोंगराला कुंपण नाही. आपल्या मेंढ्या आईमागून वाटा शिकायच्या. या परक्यांना कोण शिकवणार? विकून टाक सगळं." मी विक्रीच्या कागदावर सहीसुद्धा केली होती.

काल हिमवादळ झालं. आज सकाळी मी फावडं घेऊन मेलेल्या मेंढ्या उकरायला गेले. डोंगरावर आजोबांनी बांधलेल्या दगडी भिंतीच्या आडोशाला चाळीसच्या चाळीस जिवंत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे म्हातारी रवंथ करत उभी होती. तिनंच त्यांना तिथं नेलं होतं. माझा हात आपोआप टोपीकडे गेला. तशा थंडीत टोपी काढून मी तिच्यासमोर बोडक्या डोक्यानं उभी राहिले.

विक्रीचा कागद चुलीत घातला. 'शीप' या शब्दाचं तुझंच खरं होतं, आत्या; एक असो की शंभर. डोंगराच्या वाटांचं मात्र नव्हतं.

तुझी ढ विद्यार्थिनी,
हेस्टर