मंदेची गादी

प्रिय मंदे,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बरं? कुसुमवन्सं. पहिल्या फेरीबोटीने दिघीहून आगरदांड्याला उतरल्या, रिक्षा केली आणि पायावर पाणी घ्यायच्या आधीच दारातून विचारलं, "गादी सोडली का खाडीत?" तुझ्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या दोघी जावांची नणंद ती, अशीच बोलायची.

आज तुझं तेरावं झालं. माणसं गेली, भांडी घासून पालथी घातली आणि मी मागच्या पडवीत येऊन बसले. रोज ह्याच वेळी गावभरचं सगळं तुला सांगायचे. आता कोणाला सांगू? माझी ऋतुजा म्हणाली, "आजी, लिहून काढ," आणि कागद-पेन हातात दिलं. चौथीपर्यंतची माझी शाळा, जोडाक्षरं चुकतील. तू तर तिसरीतच शाळा सोडून पळालेली, तुला कुठे कळणार आहेत.

तर गादी. तू गेलीस त्या दिवशी प्रकाशने ती गुंडाळून सुंभाने बांधली आणि गोठ्यात ठेवली. आज जेवणं व्हायच्या आत बंधाऱ्यावरून खाडीत सोडायची, असं त्याचं ठरलं होतं. तुझ्या लेकाचं काही चुकलं नाही गं. गावात सगळे तेच करतात. माणूस गेलं की त्याचं अंथरूण पाण्यात, म्हणजे जीव घरात घुटमळत नाही. न्हावा शेव्याच्या कामावरून सुट्टी मागून आलाय बिचारा, त्याला आईचं सगळं रीतीने करायचं होतं.

पण तू मला काय सांगून ठेवलं होतंस, ते त्याला कुठे ठाऊक?

आपण ओहोटीला कालवं काढायला गेलो होतो, आठवतं का? तिवरांच्या मुळात काहीतरी अडकलेलं दिसलं. तू कोयत्याने ओढलंस तर अर्धी गादी बाहेर आली, चिखलाने काळी झालेली. मी म्हटलं, टाक ते, हात धू. तू मात्र कापडाची फुलं बघत राहिलीस. "बाय, ही तर हिराआत्याची," म्हणालीस. त्याच गादीपाशी बसून आपण हिराआत्याचे शेवटच्या दुखण्यात पाय चेपले होते. त्या दिवशी तू कालवं न काढताच घरी आलीस. चुलीपाशी बसून म्हणालीस, "माझं अंथरूण असं भरती-ओहोटीला फिरवू नका, बाय. मला लाज वाटंल."

मला एकटीला कशाला सांगितलंस? पोटच्या पोराला सांगायचं होतंस ना. शेवटी शेवटी तर तुला पाणी मागायचं त्राण नव्हतं, तेव्हा कोण विचारणार होतं तुला गादीचं.

आणि ती गादी काय दुकानातून आणलेली होती? वाडीतल्या शेवरीची बोंडं फुटली की तू टोपली घेऊन खाली उभी. सरकी काढून काढून बोटं दुखायची, आमटीत कापूस, भातात कापूस. एकदा तुझं डोकं पांढरं झालेलं बघून भावजी म्हणाले होते, ही म्हातारी कोणाच्या घरातली? म्हातारं व्हायची तुझी तेवढीच वेळ आली बघ. खरं म्हातारपण माझ्या एकटीच्या वाट्याला ठेवून गेलीस.

आज प्रकाशने गादी खांद्यावर घेतली तशी मी दारात आडवी झाले.

"काकी, बाजूला हो."

"खाडीत जाणार न्हाय ती. तुझ्या आईने सांगितलंय."

"कवा सांगितलं? मला न्हाय सांगितलं." त्याचं तोंड एवढंसं झालं. "लोक म्हणतील, आईचं अंथरूण सोडायला पोराला वेळ न्हाय झाला."

वन्सं आतून आल्याच. "वहिनी, तुमचं आपलं कायतरीच. ठेवून काय करणार हाव? त्याच्यावर झोपणार?"

"न्हाय."

"मग इकणार?"

"मंदेचं घोरणं मुरलंय त्या कापसात. कोण इकत घेईल?"

प्रकाश हसला, मंदे. गादी खांद्यावर तशीच, आणि हसता हसता रडायला लागला. तेरा दिवसांत रडला नव्हता तो. मी त्याला जवळ घेतलं, तर मधे तुझी गादी.

मग मी म्हटलं, दरवर्षी आपण माडाच्या आळ्यात नारळ सोलून उरलेली सोडणं पुरतो, ओल धरून ठेवायला. कापूस काय वेगळं करणार आहे? विहिरीजवळचा माड नाहीतरी रोडावलाय. वन्सं पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मातीत गेलं म्हंजे गेलंच म्हणायचं. घरात राहता कामा न्हाय, एवढंच."

कुदळ कोणी घेतली असेल? ऋतुजाने. ती ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरली आळ्यात. मला एवढा आनंद झाला गं तिला बघून, आणि लगेच वाईट वाटलं. आजच्या दिवशी आनंद व्हावा का माणसाला? तू असतीस तर म्हणाली असतीस, नातीची दृष्ट काढ आधी.

शिवण मला दिसेना. वन्संनीच ब्लेड मागितलं आणि पायरीवर बसून एकेक टाका उसवला. आतला कापूस अजून पांढरा होता. मी मूठभर नाकाशी नेला. तुझा वास नव्हता, औषधाचाच होता. तेवढं मला सोसलं नाही. प्रकाशने सगळा कापूस पसरला, वरून पालापाचोळा आणि माती टाकली. फाडून फाडून कापडही घातलं. तुझ्या आजारपणातलं मेणकापड तेवढं राहिलं, ते मातीत जिरलं नसतं. ऋतुजाने धुऊन जळणाच्या लाकडांवर टाकलं, पावसाळ्यात उपयोगी येईल.

निघायच्या आधी चहा घेताना वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, यांची गादी अजून माळ्यावर हाय. वर्ष झालं यांना जाऊन. सगळ्यांना सांगितलं, सोडली म्हणून. दोनदा जेट्टीपर्यंत नेली, हातातून सुटली न्हाय. आमच्याकडं अंगणभर लादी टाकलीय पोरांनी. माती कुठाय?"

एवढा वेळ गादी गादी का करत होत्या, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या बशीत अजून थोडा चहा ओतला.

तुझ्या साड्या मी अजून काढलेल्या नाहीत. कपाट उघडवत नाही. पण काढीन, ज्या नेसायच्या त्या नेसणाऱ्यांना देईन, विरलेल्यांची फडकी करीन, आणि त्यातली एक चिंधीसुद्धा खाडीत जाऊ देणार नाही, हा माझा शब्द. माझ्या अंथरुणाचं प्रकाशला आणि ऋतुजाला आजच सांगून ठेवलंय, चांगलं मोठ्याने, दोघांच्या तोंडावर. रागावले दोघं, रागावू देत.

वन्संच्या माळ्यावरच्या गादीसाठी जागा बघून ठेवलीय, कुंपणाकडच्या माडाखाली. ती उतरवायला प्रकाश दिघीला जाणार आहे. गुरुवारी घेऊन येतो म्हणालेत दोघं.

तुझीच,
बाय