सारमेयाचा चातुर्मास

१५ जून १९९८, पिंपळवंडी
पिल्लू आलं. आळेफाट्याचे कांदा-व्यापारी अमजदभाई, माझ्या बाजारभावाच्या बातम्यांचे उगमस्थान, त्यांनी पिशवीतून हातात दिलं. "घ्या भाऊ, लई गुणी हाय." गुणी जिवाने वाटेतच माझा सदरा भिजवला.

नाव सारमेय. संस्कृतात अर्थ कुत्राच, पण नाव भारदस्त वाटतं. बायकोने, अंजनाने, कपाळाला हात लावला. नाना, म्हणजे वडील, म्हणाले, "कुत्र्याला हाड म्हणतात. तेवढं नाव पुरे."

२१ जून
जंताचं औषध. अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या चष्म्यावर.

३ जुलै
कांदेनवमी. परवा एकादशी, मग कार्तिकापर्यंत घरात कांदा-लसूण बंद. म्हणून आज नानांनी चार महिन्यांची भजी एका बैठकीत संपवली. ओटीवर ताट घेऊन बसले होते. अधूनमधून "हाड, हाड" ऐकू येत होतं.

७ जुलै
सारमेय उठत नाही. हिरड्या पांढऱ्या. गुरांचे डॉक्टर चांगदेवराव म्हणाले, "जंतच असणार. परत औषध पाजा." सोबत रक्तवाढीचं टॉनिक.

२६ जुलै
टुणटुणीत! पहिली लस झाली. मी श्रेय टॉनिकला देतो. कामाला येणाऱ्या साळुबाई म्हणतात, "आवो, टॉनिक कुठलं? मी अंगारा लावला व्हता."

११ ऑक्टोबर
रेबीजची लस. सुई टोचली त्याला, ओरडलो मी. डॉक्टर हसले.

देशभर कांद्याच्या भावाची बोंब. मी रोज त्यावर बातमी धाडतो. घरी चातुर्मास असल्याने आम्हाला झळ नाही.

एक निरीक्षण: नानांनी "हाड" म्हटलं की हा पळत नाही, शेपूट हलवतो. शिक्षणात कुठेतरी घोळ आहे.

१ नोव्हेंबर
चातुर्मास सुटला. नानांनी बुक्कीने कांदा फोडला, पिठलं-भाकरी घेतली आणि ओटीवर गेले. इतका प्रसन्न चेहरा पूजेच्या वेळी दिसत नाही.

९ नोव्हेंबर
पुन्हा तेच. हिरड्या पांढऱ्या, लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांना गोचीडतापाचा संशय. अंगभर शोधलं, एक गोचीड नाही.

"खातो काय?"
"आम्ही खातो ते."
"मागं कधी पडला व्हता?"
"कांदेनवमीनंतर."
"आन् मधी चार महिने बरा?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कांदा, राव. कुत्र्याचं रक्त फुटतं त्यानं. शिजलेला काय, कच्चा काय."

कांद्याच्या पट्ट्यातला वार्ताहर मी. एवढी बातमी मला नव्हती. आजपासून त्याचा भात वेगळा.

२० डिसेंबर
उत्तम. माझी चप्पल खाल्ली. चप्पल पथ्यात बसते.

२४ जानेवारी १९९९
सारमेय परत आडवा. या खेपेला मान उचलत नाही. सुई दिली. डॉक्टर म्हणाले, "कोन तरी चारतंय. आता आणखी एकदा झालं तर माझ्या हातात काय नाय."

घरी आल्यावर सर्वांसमोर साळुबाईंना विचारलं. त्या फणकारल्या, "मी कशाला घालीन? शिळं बी तुमाला इचारून नेते मी." अंजनाने मलाच झापलं. नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "आणलंच कशाला घरात."

त्यांनी आज भाकरी अर्धीच खाल्ली.

२७ जानेवारी
दोन घास भात. शेपटीचं टोक हललं.

३ फेब्रुवारी
सारमेय चालू लागला. ओटीपर्यंत गेला.

अंजनाने नानांच्या ताटात कांदा वाढला. त्यांनी बाजूला सारला. "मी चातुर्मास धरलाय."

"नाना, हा माघ आहे."

"पंचांग तुला मीच शिकवलं," ते म्हणाले. मग दाराकडे बघून हलकेच, "हाड."

सारमेय शेपूट हलवत त्यांच्या मांडीपाशी गेला. त्याला कोरडी भाकरी मिळाली. नानांनाही तीच.