दुसरी सुई

मंगळवार, रात्र

पिहूची मान ओली आहे. गर्मीनं असेल. माझीही ओलीच आहे, पंखा नुसती गरम हवा फेकून राह्यला. पण शुगर उतरली की तिले असाच घाम येते.

संध्याकाळी मी भाजी आणाले गेली, तं ह्यांनी तिले रात्रीचं इन्सुलिन लावून देलं. मलाजखंडच्या खाणीवरून आठ दिवसांनी घरी आले, तेवढीच बायकोले मदत. मले सांगाचं राहून गेलं. मी आली अन् रोजच्यासारखी सुई लावली. पाच वर्षाच्या लेकरानं परत फ्रॉक वर केला, चूप बसली.

जेवताना हे म्हणाले, "आज सुई मी लावली, रडली नाही." माझा घास हातातच राह्यला.

डॉक्टरले फोन केला. म्हणाले, साखरपाणी पाजत राहा, घंट्याघंट्यानं शुगर पाहा, उठवून उठली नाही तं लगेच घेऊन या. औषध सकाळपर्यंत अंगात राहील. तवापासून हे गाडीची किल्ली हातात घेऊन दारात बसले आहेत. सुई लावाच्या आधी विचारलं काहून नाही मी?

मघाशी साखरपाणी पाजताना पिहूले विचारलं, "बाबानं लावली होती, तं सांगितलं काहून नाही?"

"तूच म्हणते न, चांगली पोरगी सुईले नाही म्हणत नाही."

मान पुन्हा ओली लागून राह्यली. गर्मीनंच असेल. मी शुगरची मशीन काढली. तिनं डोळे न उघडताच बोट पुढं केलं.