बापाची सही आणि आठवी अट

मी, कुमारी वच्छला हिंदुराव रणनवरे, वय बावन्न, धंदा पूर्वी विमान चालवणे व हल्ली लोकांचे सल्ले ऐकणे, राहणार होटगी रोड, सोलापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. आजवर दर सहा महिन्यांनी सरकारी डॉक्टरांनी डोळे, कान, छाती तपासून मला शहाणी ठरवलेले आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी आपला दाखला आणावा. यंदाच्या तपासणीत माझे हृदय वाढलेले निघाले. नातेवाइकांचा यावर विश्वास बसत नाही, पण लायसन मात्र गेले. पुढच्या आठवड्यात मिरजेला ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

वकील चन्नवीर हे सर्वांसमोर मोठ्याने वाचणार आहेत. माझा धाकटा भाऊ मानसिंग, मंद्रूपचा किराणा दुकानदार, याने ऐकताना सारखे घड्याळ बघू नये. घराचे कलम शेवटून दुसरे आहे.

१. सत्कारात मिळालेल्या सात सोलापुरी चादरी महिला मंडळाच्या अध्यक्षा महानंदाबाई यांना परत द्याव्यात. या बाईंनी वीस वर्षे मला हळदीकुंकवाला बोलावले नाही, कारण मी बिनलग्नाची. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा मात्र मी एकदम सोलापूरची लेक झाले. सत्कारात त्यांनी मला विचारले होते, वर गेल्यावर स्वयंपाकाची आठवण येते का. तेव्हा मी हसले होते. उत्तर आज देते: नाही.

२. कंपनीचे एक पत्र काचेत लावून ठेवले आहे. ती खासगी हवाई कंपनी आता बुडाली, त्यामुळे नाव घेत नाही. तिथे आठ वर्षे मी उजव्या खुर्चीत, म्हणजे दुय्यम वैमानिक. डाव्या खुर्चीतले कॅप्टन जेवण झाले की डोळे मिटून चिंतन करीत, आणि डाकोटा विमान मी हाकत असे. एकदा नागपूरहून येताना त्यांच्या पोटात असे काही दुखले की ते खुर्चीतच आडवे झाले. एक इंजिन बंद, खाली ढग, मागे एकवीस माणसे. विमान मी उतरवले. कंपनीने आभाराचे पत्र पाठवले, ते कॅप्टनसाहेबांच्या प्रसंगावधानाबद्दल. प्रत माझ्या माहितीसाठी. पुढे मला कॅप्टन केले, पण फलकावर नाव नुसते ‘व्ही. एच. रणनवरे’ लिहीत, प्रवासी घाबरू नयेत म्हणून. एका शेटजींनी मला हवाईसुंदरी समजून दारात माझ्याकडे गोळ्या आणि कानात घालायला कापूस मागितला. मी दोन्ही दिले, आणि मग पुढे जाऊन विमान उडवले. हे पत्र काचेसकट रद्दीत घालावे.

३. माझा गणवेश. कंपनीकडे बाईच्या मापाचा नव्हता आणि तो शिवायला त्यांना जमेना. आमचे शिंपी नबीलाल यांनी गिरणीच्या जाड ड्रिल कापडातून तो शिवला. शिवताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, खिसे किती. इतका शहाणा प्रश्न मला पुन्हा कोणी विचारला नाही. हा गणवेश मानसिंगची मुलगी विजयमाला हिला द्यावा. कंबर नबीलालभाई आत घेतील.

४. माझे लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या तासांची वही, आणि पोस्टातली सगळी शिल्लक विजयमालालाच, विमान शिकण्याच्या फीसाठी. पोरगी सतरा वर्षांची आहे, गणितात कॉलेजात पहिली. पुण्याच्या फ्लाइंग क्लबचा फॉर्म तिने भरून ठेवला आहे. अठरा पुरी व्हायला सात महिने आहेत आणि फॉर्मची मुदत पंधरा दिवसांत संपते, म्हणून बापाची सही लागते. मानसिंगने सही केली नाही. “घरात एक झाली तेवढी बास की,” असे तो म्हणाला. पोरीने तीन दिवस अन्न घेतले नाही. दोघांचाही स्वभाव आमच्या घराण्याला शोभेल असाच आहे.

५. होटगी रोडवरचे घर, पुढच्या मोकळ्या जागेसह, मानसिंगला. बिनशर्त. आता घड्याळ बघितले तरी चालेल. वकिलांनी सुचवले होते की, सही केली तरच घर, अशी अट घाला. मी नाही म्हटले. त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

६. मी बावीस वर्षांची असताना क्लबला बिनलग्नाच्या मुलीसाठी वडिलांची सही हवी होती. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, अक्षरओळख जेमतेम. मी त्यांना शिवणक्लासचा फॉर्म म्हणून सांगितले, बोट ठेवले, तिथे त्यांनी सही केली. हा किस्सा मी प्रत्येक सत्कारात सांगितला. लोक पोट धरून हसत. गेल्या महिन्यात घराचे कागद शोधताना वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात क्लबचे माहितीपत्रक निघाले. आठव्या अटीखाली पेन्सिलीची रेघ होती: उड्डाणात मृत्यू आल्यास क्लब जबाबदार राहणार नाही. बाजूला वडिलांचे वेडेवाकडे अक्षर: “वाचून घेतले. सही केली. पोरीला सांगू नये.”

गिरणीतले जुने कारकून सिद्धलिंगप्पा यांना विचारले. ते म्हणाले, “मीच वाचून दाखवलं की. आठवी अट तीनदा वाचायला लावली त्यानं. मग चहा न पिताच गेला.”

म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते. मी मरू शकते हे वाचून घेऊन त्यांनी सही केली, आणि शिवणक्लास कसा चालला आहे, हेही मला मधूनमधून विचारत राहिले. आणि मी तीस वर्षे त्यांना अडाणी ठरवून टाळ्या घेतल्या. मला याची फार लाज वाटते. आता सांगायला ते नाहीत, म्हणून इथे लिहिते.

मानसिंग, त्यांनी सहीच्या बदल्यात माझ्याकडे काही मागितले नव्हते. म्हणून मीही घर मधे आणत नाही. विजयमालाचा फॉर्म या मृत्युपत्राला जोडला आहे. ऑपरेशनचे काहीही होवो, हे मुदतीच्या आत वाचायला वकिलांना सांगितले आहे. आठवी अट अजून तीच आहे. तू भितोस हे मला कळते, ते चुकीचे नाही. तू ती अट सगळ्यांसमोर वाच. मग सही कर किंवा करू नकोस. घर तुझेच.

ठिकाण सोलापूर, दिनांक १४ जून १९७६.

सही: वच्छला हिंदुराव रणनवरे (कॅप्टन)

आमच्यासमोर बाईंनी सही केली, त्याबद्दल साक्षीदार:
१. नबीलाल इमामसाब शेख, शिंपी
२. सिद्धलिंगप्पा बसप्पा हत्तुरे, निवृत्त कारकून

(खाली, निराळ्या शाईत)
आठवी अट दोनदा वाचली. फॉर्मवर सही केली. पोरीला सांगावे.
मानसिंग हिंदुराव रणनवरे